साडेतीन रुपये किलोचा तांदूळ : व्यापार करार वाचायचा कसा?

बिरसीहून बोलतोय. गोंदिया जिल्ह्यातलं बिरसी. विमानतळामुळे नाव ऐकलं असेल, नसेल तर आज ऐका.

गेले काही दिवस बऱ्याच जणांचा एकच मेसेज येतोय. "रोज कुठल्या ना कुठल्या देशाशी करार झाल्याची बातमी येते. शंभर अब्ज डॉलर येणार, दहा लाख नोकऱ्या येणार. आपल्याला नेमका काय फरक पडतो?" काहींनी उलट विचारलंय, "हे करार म्हणजे शेतकऱ्याला विकायचा धंदा आहे ना?"

मी अर्थतज्ज्ञ नाही. बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो. पण कोड लिहिणाऱ्याला एक सवय लागते. सिस्टीम काय करते हे जाहिरातीत बघायचं नसतं, आत काय लिहिलंय ते वाचायचं असतं. कराराचंही तसंच आहे. करार चांगला की वाईट, या वादात रात्र निघून जाते. त्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारायचे. आकडा कुठला आहे आणि तो कधीचा आहे? क्रियापद कुठलं आहे, म्हणजे "करील" लिहिलंय की "प्रयत्न करील"? आणि फिसकटलं तर निकाल कुठे लागणार, बिल कोण भरणार?

तिन्ही प्रश्नांना एकेक खरं उदाहरण घेऊ. पहिलं आपल्या बांधीतलं आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देतो.

पहिला प्रश्न : आकडा कधीचा आहे?

आमच्याकडे सगळं धानावर चालतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी सांगतो, तुम्ही ज्याला भात म्हणता ते आमचं धान. पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, कापणी, चुरणी, आणि मग पोती घेऊन खरेदी केंद्रावर नंबर लावायचा. केंद्रावर सरकार हमीभावाने धान घेतं, ते भरडाईला राइस मिलमध्ये जातं आणि तांदूळ रेशनला जातो. शेतकऱ्याचं लक्ष दोन गोष्टींकडे असतं, हमीभाव किती आणि चुकारे कधी. या भावावर जिनिव्हात बसलेल्या लोकांचंही लक्ष असतं, हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

गोष्ट अशी. १९८६ ते १९९४ अशी आठ वर्षं जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी चालल्या, उरुग्वे फेरी म्हणतात तिला. घरातल्या जुन्या माणसांना "डंकेल" हा शब्द विचारून बघा, लगेच आठवेल. आर्थर डंकेल यांनी १९९१ च्या डिसेंबरात मसुदा मांडला आणि भारतभर गदारोळ उडाला. बहुतेक शेतकरी संघटना विरोधात होत्या. शरद जोशी मात्र बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं की भारतातल्या शेतकऱ्याला सबसिडी मिळतच नाही, उलट सरकार भाव पाडून त्याच्याकडून काढून घेतं, म्हणजे सबसिडी उणे आहे. मग सबसिडी कमी करायच्या कराराला आपण का घाबरायचं?

१५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये सह्या झाल्या, आणि १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, सुरू झाली. तिच्या शेती करारात एक फॉर्म्युला आहे. सरकार ठरवून दिलेल्या भावाने माल घेत असेल, तर त्या भावातून एक "संदर्भ भाव" वजा करायचा. जो फरक उरेल त्याला मालाच्या प्रमाणाने गुणायचं. जे येईल ती सबसिडी. विकसनशील देशात ही सबसिडी त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या आत हवी. विकसित देशांना ५ टक्के.

ऐकायला किती समंजस वाटतं! पण संदर्भ भाव कुठला? १९८६ ते १९८८ या तीन वर्षांचा. तो तिथेच गोठवलाय. कोड लिहिणाऱ्यांना लगेच कळेल, ही व्हॅल्यू हार्डकोड केलीय. महागाई वाढली, मजुरी वाढली, डिझेल वाढलं, तरी तो आकडा हलत नाही.

भारतासाठी तांदळाचा तो आकडा आहे टनाला ३,५२० रुपये. म्हणजे किलोला साडेतीन रुपये आणि वर दोन पैसे. साडेतीन रुपये किलोने तांदूळ शेवटचा कधी घेतला, हे आजीला विचारा.

आता एका वर्षाचा हिशोब सोबत करू. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. २०१८-१९ चा हंगाम घेऊ, ते वर्ष का घेतलं ते पुढे कळेल.

साध्या धानाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला १,७५० रुपये होता. एका क्विंटल धानापासून सरकारी हिशोबाने ६७ किलो तांदूळ धरतात. १,७५० ला ६७ ने भागा. तांदूळ पडला किलोला साधारण २६ रुपये १२ पैसे. त्यातून ३ रुपये ५२ पैसे काढा. उरले २२ रुपये ६० पैसे. फॉर्म्युला म्हणतो, ही किलोमागची सबसिडी.

आता हेच डॉलरमध्ये करा. १९८६-८८ मध्ये एक डॉलर साधारण तेरा-साडेतेरा रुपयांना होता, म्हणून ३,५२० रुपये म्हणजे टनाला २६२ डॉलर, किलोला २६ सेंट. २०१८-१९ मध्ये डॉलर ७० च्या आसपास होता, म्हणून आपले २६ रुपये म्हणजे ३७ सेंट. फरक फक्त ११ सेंट. म्हणजे ७० च्या भावाने पावणेआठ रुपये.

तेच धान, तोच भाव, तोच फॉर्म्युला. रुपयात मोजलं तर किलोला साडेबावीस रुपये सबसिडी, डॉलरमध्ये मोजलं तर पावणेआठ. कारण रुपया घसरला त्यात बरीचशी महागाई आपोआप वजा झाली.

पुढची गंमत गुणाकारात आहे. कशाने गुणायचं? करारात शब्द आहे "पात्र उत्पादन". भारत म्हणतो, सरकारने जेवढा घेतला तेवढा. त्या वर्षी साधारण ४ कोटी ४४ लाख टन. समोरचे म्हणतात, भाव सगळ्यांसाठी जाहीर केलाय तर सगळं उत्पादन धरा, ११ कोटी ६५ लाख टन.

भारताच्या पद्धतीने गुणाकार केला तर येतात सुमारे ५ अब्ज डॉलर. भारताने डब्ल्यूटीओला कळवलेला आकडाही तेवढाच आहे. उत्पादनमूल्य कळवलं होतं ४३.६७ अब्ज डॉलर. म्हणजे ११ टक्क्यांच्या थोडं वर. रुपयात आणि सगळं उत्पादन धरून केलं, तर माझ्या कॅल्क्युलेटरवर ८५ टक्क्यांच्या आसपास जातं. हा शेवटचा आकडा माझा ढोबळ हिशोब आहे, पण वाद नेमका हाच आहे. अमेरिकेने मे २०१८ मध्ये डब्ल्यूटीओत भारताच्या विरोधात आपला वेगळा हिशोब मांडला. आधीच्या काही वर्षांसाठी तांदळावरची भारताची मदत ७० टक्क्यांच्याही वर जाते, असं त्यात म्हटलं होतं. दोन डेव्हलपर, एकच फंक्शन, इनपुट वेगळे.

आणि खरा बाजार काय म्हणत होता? त्या काळात थायलंडचा तांदूळ टनाला ४०० डॉलरच्या आसपास विकला जात होता. आपला हमीभावाचा तांदूळ पडत होता ३७३ डॉलरच्या आसपास. म्हणजे संदर्भ भाव गोठवलेला नसता, तर या फॉर्म्युल्यात सबसिडी जवळपास उरतच नव्हती. भरडाई, वाहतूक धरली तर थोडं इकडेतिकडे होईल, पण ८५ टक्के नक्की होत नाही.

आता शरद जोशींच्या मुद्द्याकडे परत जाऊ, कारण त्याला एक विचित्र शेपूट आहे. ज्या देशांची सबसिडी त्या काळात प्रचंड होती, त्यांना ती हळूहळू कमी करायला सांगितलं आणि उरलेली मर्यादा त्यांच्या नावावर कायम राहिली. अमेरिकेकडे १९.१ अब्ज डॉलरची अशी वेगळी मर्यादा आजही आहे, ५ टक्क्यांच्या वर. भारताची सबसिडी कागदावर उणे निघाली होती, म्हणून भारताला असा जादा कोटा मिळालाच नाही. ज्याने जास्त खाल्लं त्याच्या ताटाचा आकार त्यावरून ठरला, आणि जो उपाशी होता त्याला वाटी मिळाली. जोशींचं निदान मला पटतं, भाव पाडले जात होते हे खरंच होतं. पण त्या निदानाचा कागदावर असा परिणाम होईल, याची चर्चा तेव्हा गावागावात झाली नाही.

मग २०१३ च्या डिसेंबरात इंडोनेशियातल्या बालीमध्ये परिषद झाली. भारतात नुकताच अन्नसुरक्षा कायदा आला होता, सरकारी खरेदी वाढणार हे उघड होतं. भारत अडून बसला. तोडगा निघाला तो "शांतता कलम" नावाचा. १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली तरी विकसनशील देशाच्या धान्यसाठा योजनेवर दुसरा देश खटला घालणार नाही. अटी आहेत. आकडे वेळेवर कळवायचे, त्या साठ्यामुळे जागतिक बाजार बिघडवायचा नाही, आणि योजना बालीच्या निर्णयाच्या दिवशी आधीच चालू असायला हवी. कायमचा उपाय २०१७ पर्यंत काढू असं ठरलं. तोवर हे कलम राहील.

२०१७ गेलं. २०२४ च्या मार्चमध्ये अबुधाबीची परिषदही काही न ठरता संपली. आणि दरम्यान २०२० मध्ये भारताने हे कलम वापरलं, असं करणारा जगातला पहिला देश. कुठल्या हंगामासाठी? २०१८-१९ च्या तांदळासाठी. म्हणून ते वर्ष घेतलं. प्रॉडक्शनमध्ये टाकलेला तात्पुरता पॅच वर्षानुवर्षं कसा चालतो, हे आयटीतल्या मित्रांना सांगायची गरज नाही.

तेव्हा आमच्या खरेदी केंद्रावरची रांग एका पॅचवर उभी आहे. उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही, घाबरवायचं नाही मला. पण उद्या कोणी म्हणालं की धान-गव्हासारखीच हमीभावाने खरेदी नव्या पिकासाठी सुरू करा, तर त्या नव्या योजनेला हे संरक्षण सहज लागू होत नाही. राजकीय इच्छा, पैसा, गोदाम यांच्यासोबत हा चौथा अडथळाही आहे.

समोरच्याचंही ऐकू

इथे थांबून दुसरी बाजू सांगतो, नाहीतर हा एपिसोड म्हणजे नुसतं "आम्ही बिचारे" होईल.

जगातल्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आहे. एवढा मोठा दुकानदार शटर खाली ओढतो तेव्हा काय होतं ते आपण २०२३ मध्ये पाहिलं. २० जुलै २०२३ ला सरकारने बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात भाव वाढत होते, निवडणुका जवळ होत्या, पावसाची धास्ती होती. महिन्याभरात थायलंडच्या तांदळाचा भाव पंधरा वर्षांत नव्हता इतका चढला. त्याचा चटका पश्चिम आफ्रिकेतल्या देशांना बसला. तिथल्या शहरांत भारतीय तांदूळ रोजच्या ताटात असतो. तेही विकसनशील देशच, आपल्यापेक्षा गरीब. आणि उलट, आपला साठ्यातला स्वस्त तांदूळ बाहेर गेला तर तिथल्या तांदूळ पिकवणाऱ्याचा भाव पडतो, ही तक्रारही खोटी नाही. थायलंड, पाकिस्तान यांचे शेतकरी कोणी जमीनदार नाहीत.

आपल्या शेतकऱ्यालाही त्या बंदीत फायदा नव्हता. निर्यात बंद झाली की खुल्या बाजारातला एक मोठा गिऱ्हाईक कमी होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली, टनाला किमान ४९० डॉलरच्या अटीवर, आणि ऑक्टोबरमध्ये ती अटही गेली. वर्षभराहून जास्त काळ शहरातल्या ग्राहकाला दिलासा देण्याचा खर्च धानवाल्याच्या खिशातून निघाला. हे डब्ल्यूटीओने केलेलं नाही, दिल्लीत केलं. सगळं खापर जिनिव्हावर फोडून चालत नाही.

दुसरा प्रश्न : क्रियापद कुठलं आहे?

हा छोटा आहे, पण मोबाइलवर बातम्या वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवायचा.

१० मार्च २०२४ ला भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी करार केला. गटाचं नाव एफ्टा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. बातमी होती, १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख रोजगार. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, "१०० अब्ज डॉलर आले!"

करारातली भाषा काय आहे? ते देश गुंतवणूक वाढवण्याचं "उद्दिष्ट ठेवतील". पहिल्या दहा वर्षांत ५० अब्ज, पुढच्या पाच वर्षांत आणखी ५० अब्ज. रोजगाराचंही तसंच, उद्दिष्ट. दुसरीकडे, आयात शुल्क कमी करायचं आपलं वचन तक्त्यात मांडलेलं आहे, वस्तूनुसार, वर्षानुसार. एका बाजूला तारीख आणि टक्केवारी, दुसऱ्या बाजूला उद्दिष्ट.

म्हणून हा करार वाईट ठरतो का? तसं मला वाटत नाही. व्यापार करारात गुंतवणुकीचा आकडा लिहून घेणं हीच नवी गोष्ट आहे. आकडा गाठला नाही तर चर्चेच्या फेऱ्या आहेत, आणि शेवटी भारत आपल्या सवलती काही काळ मागे घेऊ शकतो, अशी सोयही ठेवलीय. शेअर बाजारात आज आला उद्या गेला असा पैसाही त्यात धरलेला नाही. पण हे घड्याळ १५ वर्षांनंतर चालू होतं. तोवर मी चाळिशी ओलांडलेली असेल आणि हा पॉडकास्ट माझी मुलं चालवत असतील. त्यामुळे बातमी आली की आधी क्रियापद शोधा.

तिसरा प्रश्न : बिल कोण भरणार?

या प्रश्नासाठी महाराष्ट्राइतकं महाग उदाहरण क्वचितच कुठल्या राज्याकडे असेल. दाभोळ. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात. एन्रॉन.

माझ्या पिढीला एन्रॉन म्हणजे नुसता एक शब्द आहे. जून १९९२ मध्ये राज्य वीज मंडळाने या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार केला. उदारीकरणाला वर्ष झालं होतं, विजेचा तुटवडा होता आणि परदेशी पैसा हवा होता. १९९३ मध्येच जागतिक बँकेने, हा प्रकल्प एकतर्फी आहे, आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं सांगून कर्ज द्यायला नकार दिला. तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला.

त्या करारात तीन गोष्टी होत्या. एक, वीज घेतली नाही तरी प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल ठरलेली मोठी रक्कम द्यायची. दोन, किमतीचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. तीन, मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. म्हणजे विजेची मागणी कमी झाली, इंधन महागलं किंवा रुपया घसरला, तर त्याचा मोठा भार खरेदीदाराच्या डोक्यावर. गुंतवणूकदार कशाची जोखीम घेत होता, हे शोधावं लागतं.

पुढचं थोडक्यात. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं, ऑगस्टमध्ये करार रद्द केला, कंपनी लंडनमध्ये लवादात गेली, पुन्हा बोलणी झाली आणि प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. प्रकल्प नाफ्त्यावर चालत होता, तेल महागलं, रुपया घसरला. मंडळाला काही महिन्यांत युनिटला सात रुपयांच्या वर भाव पडला. मंडळाने वीज कमी घेतली तसा युनिटचा भाव आणखी वाढला, कारण ठरलेली रक्कम कमी युनिटांत वाटली जाते. २००१ मध्ये बिलं थकली, कंपनीने केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं, मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबवली. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोर झाली. कोकणच्या किनाऱ्यावर एवढा मोठा प्रकल्प बंद पडून राहिला. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल यांनी मिळून नवी कंपनी काढून तो ताब्यात घेतला.

तेव्हा महाराष्ट्रात महावितरण वेगळी नव्हती, सगळ्या राज्याला एकच वीज मंडळ. म्हणजे गुहागरच्या प्रकल्पाचा तोटा गोंदियाच्या पंपावरही वाटला गेला.

आणि करारांचा विषय म्हणून खरी शिकवणी यानंतर आहे. एन्रॉनसोबत जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्या होत्या. त्यांनी भारत सरकारवर आंतरराष्ट्रीय लवादात दावे केले. अमेरिकेशी भारताचा गुंतवणूक संरक्षण करार नव्हता. मग त्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराचा आधार घेतला. शेवटी तडजोड झाली, पैसे दिले गेले.

असंच नंतर व्हाइट इंडस्ट्रीज नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने केलं. झारखंडमधल्या कोळसा खाणीच्या कामावरून कोल इंडियाशी तिचा वाद होता. आपल्या कोर्टात वर्षानुवर्षं निकाल लागेना. भारत-ऑस्ट्रेलिया करारात एक कलम होतं, दुसऱ्या कोणाला यापेक्षा चांगली वागणूक दिली तर तीच आम्हालाही द्या. त्या कलमावरून तिने भारत-कुवेत करारातली तरतूद उचलली आणि २०११ मध्ये भारताविरुद्ध जिंकली. एका लायब्ररीतलं फंक्शन दुसऱ्या लायब्ररीतून कॉल झालं, आणि लिहिणाऱ्याला पत्ता नाही.

तेव्हा कुठे सरकार जागं झालं. २०१५ च्या अखेरीस नवा आदर्श मसुदा आला. त्यात, आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टाची पायरी चढा आणि मगच बाहेर जा, अशी अट घातली. २०१६-१७ मध्ये पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपवत असल्याचं कळवलं. २०२४ मध्ये यूएईशी झालेल्या नव्या करारात पाचाची तीन वर्षं झाली, म्हणजे ओढाताण चालूच आहे.

करार नसेल तर पैसा येत नाही का?

इथे हमखास प्रश्न येतो. गुंतवणूकदाराला एवढं संरक्षण दिलं नाही तर तो येईल कशाला?

जुने करार संपवल्यावरही भारतात एकूण परदेशी थेट गुंतवणूक वाढत गेली, २०२१-२२ मध्ये ती ८४ अब्ज डॉलरच्या पुढे होती. ब्राझीलने नव्वदच्या दशकात असे करार सह्या करूनही मंजूर केले नाहीत, तरी तिथे पैसा गेला. याचा अर्थ करारांचा उपयोग शून्य, असं मी म्हणणार नाही. पण पैसा बाजार, रस्ते, वीज, माणसं बघून आधी येतो.

पुरावा माझ्या गावात आहे. ब्रिटिशांच्या काळात बिरसीला धावपट्टी बांधली गेली. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था चालते, राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था. कॅनडाची सीएई ही कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचा तो संयुक्त उपक्रम. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया आणि डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमानं, हे आमच्याकडचं नेहमीचं दृश्य. परदेशी गुंतवणूक असा शब्द कोणी वापरत नाही, पण ती हीच. आणि भारत-कॅनडा गुंतवणूक संरक्षण करारावर वर्षानुवर्षं बोलणी झाली, तरी ही संस्था उभी राहिली तेव्हा असा करार लागू नव्हता. मोठी धावपट्टी होती, विमानांची गर्दी नव्हती, देशाला वैमानिक हवे होते. तेवढं पुरलं.

पण याच धावपट्टीच्या विस्तारासाठी बिरसीतल्या कुटुंबांच्या जमिनी आणि घरं गेली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कितीतरी वर्षं गाजत राहिला, निवेदनं, मोर्चे, आश्वासनं. त्यात चूक कोणाची यावर आज बोलत नाही. मला फक्त एक तुलना ठेवायची आहे. गुंतवणूकदाराचा पैसा अडकला तर त्याच्यासाठी लंडन आहे, मॉरिशस आहे, तीन लवादांचं मंडळ आहे, व्याजासकट भरपाई आहे. ज्याची बांधी गेली त्याच्यासाठी तहसील आहे आणि पुढची तारीख आहे. गुंतवणूकदाराला संरक्षण असू नये असं नाही. कोर्टात नऊ-नऊ वर्षं लटकणं कोणासाठीच बरोबर नाही. पण तो विलंब परदेशी कंपनीसाठी अन्याय ठरतो आणि बिरसीच्या माणसासाठी नुसता उशीर ठरतो, हे मला पटत नाही. करार लिहिताना तिसरा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे : बिल कोण भरणार, आणि त्याला विचारलं होतं का?

तर मंडळी, पुढच्या वेळी कराराची बातमी आली की लगेच फॉरवर्ड करू नका, लगेच शिव्याही घालू नका. लागू झालेल्या करारांचा मजकूर केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर असतो. मोठा असतो, इंग्रजीत असतो, पण सर्च तर करता येतो. त्यात तीन गोष्टी शोधा. आकडा आणि त्याचं वर्ष. क्रियापद. वादाचं प्रकरण. अर्धा तास लागतो. कोणाला जमलं तर आपल्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट टाका, मी एकेक वाचून पुढच्या भागांत घेईन. आणि घरी धान असेल तर यंदाचा हमीभाव ६७ च्या हिशोबाने तांदळात बदलून, साडेतीन रुपये वजा करून बघा. मग वडिलांना सांगा, कोणाच्या तरी फॉर्म्युल्यात ही त्यांना मिळालेली सबसिडी आहे. ते काय म्हणतात, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. फक्त ऐकवण्यासारखं असेल तेवढंच.

भेटू पुढच्या भागात. जय महाराष्ट्र.